आजारी आहे, पण ऑनलाइन आहे!

सोमवार सकाळ. नऊ वाजून दहा मिनिटं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मोबाइल आणि टीमच्या ग्रुपवर टिंग! ‘हाय ऑल, नॉट फीलिंग वेल. विल वर्क फ्रॉम होम टुडे.’ त्याखाली लगेच चार अंगठे, दोन ‘टेक केअर’ आणि एक जोडलेले हात. संपलं! आजारपणाचं अख्खं कर्मकांड वीस सेकंदांत उरकलं.

तुमच्याही ग्रुपवर येतो ना हा मेसेज? खोटं वाटत असेल तर आत्ता मोबाइल उघडा आणि सर्च मारून बघा. मी मारला. आमच्या अकरा जणांच्या टीममध्ये वर्षभरात हे वाक्य एकोणचाळीस वेळा आलंय. आणि ‘आज सिक लीव्हवर आहे’ हे? चार वेळा. त्यातलं एक अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं! म्हणजे पोट फाडल्याशिवाय सुट्टी मागायची नाही, असा काहीसा नवा फंडा दिसतोय.

आजारी पडणं काही बंद झालेलं नाही, बॉस. आजारी पडून झोपणं बंद झालंय.

दांडी नावाची कला

एके काळी दांडी मारणं ही कला होती. वर्ल्ड कपच्या मॅचच्या दिवशी अर्ध्या ऑफिसला एकाच वेळी व्हायरल व्हायचा. काहींच्या आज्या वर्षातून तीनदा वारायच्या. फोन करताना आवाज बसका काढायचा, मध्येच खोकायचं, मागे टीव्हीचा आवाज येत नाही ना ते बघायचं... आणि रिसीव्हर ठेवला रे ठेवला की घरभर नाचायचं. तुम्ही हे केलं नसेल तर तुमच्या मोठ्या भावाला विचारा. तो लाजेल, पण सांगेल.

माझे बाबा सरकारी कचेरीत होते. त्यांच्याकडे आजारपणाचं सगळं शास्त्र होतं. किरकोळ रजा, अर्जित रजा, अर्धपगारी रजा, परिवर्तित रजा... आम्ही पाढे म्हणायचो, तसे ते रजांचे प्रकार म्हणायचे. वर्षाला वीस दिवस अर्धपगारी रजा खात्यात जमा व्हायची. डॉक्टरचं सर्टिफिकेट लावलं की तीच पूर्ण पगाराची करून मिळायची, फक्त एका दिवसाला खात्यातून दोन दिवस वजा. लहानपणी मला वाटायचं, काय बोअरिंग हिशेब आहे! पण त्या हिशेबातली एक गोष्ट आता जाम आवडते. बाबा तापानं फणफणलेले असले की घरी असायचे, आणि त्यांच्या फायली कचेरीत असायच्या. फाइल काही चालत चालत कोथरूडला येत नव्हती.

आमची फाइल आली. आधी थोडी थोडी आली. २००४ मध्ये ब्लॅकबेरी भारतात आला आणि मोठ्या साहेबांच्या खिशात ईमेल शिरला. मग डेटा कार्ड, मग लॅपटॉप, मग स्मार्टफोन. तरी एक दरवाजा होता. ऑफिस इकडे, घर तिकडे, मध्ये हिंजवडीचा ट्रॅफिक जॅम! मार्च २०२० मध्ये तो दरवाजाही निघाला. आठवतंय ना? कंपन्यांनी टेम्पोत घालून डेस्कटॉप लोकांच्या घरी पोहोचवले. कॉल सेंटरसाठी तर टेलिकॉम खात्याचे कडक नियम होते, घरून काम करायचं तर परवानग्या आणि डिपॉझिटं होती. तेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बऱ्यापैकी मोकळे झाले. टीसीएसनं तर २०२० मध्ये जाहीर केलं होतं, २०२५ पर्यंत एका वेळी फक्त पंचवीस टक्के लोक ऑफिसात लागतील. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनीच लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं.

आणि लोचा इथेच झाला. ऑफिस परत सुरू झालं, पण लॅपटॉप घरीच राहिला. आता घरून काम हा हक्क नाही, सवलत आहे. आठवड्यात तीन दिवस, चार दिवस कार्ड स्वाइप करायचं, उरलेले दिवस मॅनेजरच्या मेहेरबानीवर. मग एखाद्या दिवशी अंगात ताप आहे आणि मॅनेजर म्हणाली, ‘अगं, मग येऊ नकोस, घरूनच कर,’ तर आपल्याला काय वाटतं? ‘किती कूल आहे आपली मॅनेजर!’

हे मला कसं माहीत? कारण ती कूल मॅनेजर मीच आहे.

शेंडेफळाची गोष्ट

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे. लातूरचा, चोवीस वर्षांचा, पहिलीच नोकरी. वयानं सगळ्यात लहान म्हणून त्याला आम्ही ‘शेंडेफळ’ म्हणतो. वाकडला तीन मुलांबरोबर फ्लॅट शेअर करतो. पोळ्यांना मावशी येतात, भाजी डब्याची, आणि खिडकीतून दिसतो तो बांधकामाचा खड्डा, पावसाळ्यात काठोकाठ भरलेला. या खड्ड्याचं काम पुढे आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गणपती उठले होते आणि आमचं रिलीज डोक्यावर बसलं होतं. मंगळवारी सकाळी त्याचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, फक्त मला. ‘मॅम, रात्रीपासून ताप आहे. आज सुट्टी घेतली तर चालेल का?’

आता नीट वाचा हं. त्यानं सुट्टी मागितली होती. वर्क फ्रॉम होम मागितलं नव्हतं. ते मी दिलं! माझं उत्तर अजून मोबाइलमध्ये आहे: ‘अरे, टेक केअर! ऑफिसला येऊ नकोस. घरूनच कर, जमेल तेवढं.’ पुढे एक हसरा चेहरा, एक हार्ट.

मला खरंच वाटलं होतं की मी सॉलिड चांगली वागले.

बुधवारी तो सकाळच्या स्टँडअपला आला. कॅमेरा बंद. ‘अंग दुखतंय, पण करतो,’ म्हणाला. कुणीतरी विचारलं, डॉक्टरकडे गेलास का? ‘संध्याकाळी जातो.’ संध्याकाळी क्लायंट कॉल होता. त्याच्या गल्लीतल्या डॉक्टरांची वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ. आमचा स्टँडअप साडेदहाला, रिव्ह्यू बाराला, क्लायंट कॉल साडेसहाला. नंतर कॅलेंडर उघडून बघितलं तेव्हा कळलं, त्या तीन दिवसांत दवाखाना उघडा आणि तो मोकळा असं जेमतेम घडतच नव्हतं. त्यानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या. एक तापाची, एक अंगदुखीची.

गुरुवारी रात्री अकरा वाजता त्यानं कोड चेक-इन केला. मी अंगठा दाखवला.

शुक्रवारी सकाळी मेसेज आला, ‘मॅम, ताप उतरला! बरं वाटतंय.’ आणि मी काय लिहिलं? ‘सही! मग आजचा डेमो तूच दे.’

त्यानं दिला. चांगला दिला. क्लायंट खूश, मी खूश. शनिवारी पहाटे पाचला त्याच्या रूममेटचा फोन आला. रात्रभर उलट्या, पोटात असह्य दुखतंय, हिरड्यांतून रक्त येतंय, उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. ॲडमिट केलंय. प्लेटलेट्स बावीस हजार. डेंगी!

ताप उतरला म्हणजे बरा झाला?

ही गोष्ट मला तेहेतिसाव्या वर्षी आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळली. तुम्हाला इथे वाचून कळावी, म्हणून लिहितेय.

डेंगीचा ताप साधारण दोन ते सात दिवस असतो. आपण ताप उतरण्याची वाट बघतो आणि उतरला की हुश्श करतो. पण डेंगीत धोक्याचा काळ बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. ताप उतरतानाचे पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. काही पेशंटमध्ये या काळात रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, ब्लड प्रेशर पडतं, रक्तस्राव होऊ शकतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, प्रचंड थकवा किंवा अस्वस्थपणा... यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल. व्हॉट्सॲपवर पपईच्या पानांचा रस आणि किवीचे भाव विचारत बसायचं नाही.

आणखी एक. तापात अंगदुखीसाठी आपण सर्रास जी पेनकिलर घेतो, तिच्यात आयब्युप्रोफेन असेल किंवा ॲस्पिरिन असेल तर डेंगीत ती घ्यायची नसते. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरला विचारून. शेंडेफळानं कुठली घेतली होती? ओळखा.

आणि तो डास दिवसा चावतो. साठलेल्या, तुलनेनं स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणजे फ्रिजमागचा ट्रे, बाल्कनीतल्या कुंडीखालची ताटली, आणि हो, खिडकीबाहेरचा खड्डा. दिवसभर घरी टेबलाखाली पाय घालून बसणारा माणूस म्हणजे त्याला घरपोच डबाच!

डॉक्टर फार काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, ‘हा तीन दिवस झोपून का नव्हता? पाणी पीत होता का? कुणी लक्ष ठेवायला होतं की नाही?’ मी म्हणाले, ‘तो घरीच होता.’ ते माझ्याकडे बघत राहिले.

रविवारी सकाळी त्याची आई आली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, एकटी, हातात स्टीलचा डबा. मला वाटलं होतं, बाई चिडतील. चिडायलाच हव्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्हीच का त्याच्या साहेब? तो फोनवर नेहमी सांगतो बगा, आमच्या मॅडम लई चांगल्या हायत, आजारी पडलं तर घरून काम करू देतात.’

मला काही बोलता आलं नाही. मी त्यांना चहा आणायला गेले आणि कॅन्टीनच्या लायनीत उभी राहून रडले.

पोरगा वाचला. दोन दिवस आयसीयू, चार दिवस वॉर्ड, मग तीन आठवडे लातूरला आईच्या हातचं. आता ठणठणीत आहे, पुन्हा उशिरापर्यंत जागतो आणि माझ्या शिव्या खातो. पण त्याच्या रजेचं एचआर पोर्टलवर लावायला बसले, तेव्हा एक आकडा दिसला. वर्षाच्या सात सिक लीव्हपैकी शिल्लक: सात.

आपण असं का करतो?

व्हिलन शोधायला बसलात तर वैतागाल. मी त्याला धमकावलं नव्हतं. कंपनीनं सुट्टी नाकारली नव्हती. क्लायंटला माहीतही नव्हतं. सगळे आपापल्या जागी छान वागत होते आणि पोरगा आयसीयूत गेला.

मग मी टीममध्ये एकेकाला विचारलं, चहाच्या टपरीवर, ऑफ द रेकॉर्ड. सिक लीव्ह का घेत नाही रे? उत्तरं ऐका.

एक : ‘सुट्ट्या दिवाळीला आणि थायलंडला लागतील.’ आमच्याकडे सिक लीव्ह वेगळी आहे, थायलंडला चालत नाही, हे त्याला दोन वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं!

दोन : ‘सुट्टी घेतली तर काम कुणी करणार? परत येऊन मलाच करायचंय.’

तीन : ‘लोकांना वाटेल नाटक करतोय.’ घरात असताना तर जास्तच. तो हिरवा ठिपका आहे ना, तो गेला की पोटात गोळा येतो.

चार, आणि हे मला लागलं : ‘तुम्ही घेता का?’

नाही घेत. गेल्या डिसेंबरात मी एकशे दोन तापात बजेटची शीट पाठवली होती आणि त्यात एक कॉलम चुकला होता. तो निस्तरायला तिघांचे दोन दिवस गेले. मी एक दिवस झोपले असते तर कंपनीचे पाच दिवस वाचले असते. पण त्या तापाच्या शीटबद्दल मला मीटिंगमध्ये शाबासकी मिळाली. ‘डेडिकेशन!’ टाळ्या.

याला इंग्रजीत शब्द आहे, प्रेझेंटीझम. माणूस हजर, पण असून नसल्यासारखा. आणि हे नुसतं कामाचं नुकसान नाही. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा ‘व्हाइटहॉल टू’ नावाचा एक गाजलेला अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यातल्या पुरुषांबद्दलचा एक निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तब्येत धड नसताना एकही रजा न घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटना दुपटीनं जास्त दिसल्या. दुप्पट कुणाच्या? तशीच तब्येत असून मोजकी रजा घेणाऱ्यांच्या! तेव्हा तर लॅपटॉप घरीसुद्धा नव्हता.

कायदा काय म्हणतो?

मी आधी समजत होते की सिक लीव्ह हा आपला कायदेशीर हक्क वगैरे आहे. शोधायला गेले तर चक्रावले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, वापरली नाही तर वर्षअखेरीला बाद. शिवाय वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची म्हणून वेगळी रजा? नाहीच! मॅनेजर, सुपरवायझर मंडळी तर या कायद्याच्या बाहेरच. म्हणजे तुमच्या ऑफर लेटरमध्ये जे पाच-सात-दहा दिवस लिहिलेत, ती कंपनीची पॉलिसी आहे. म्हणून ते पान एकदा उघडून वाचा. थायलंडवाल्यासारखं नको.

कमी पगाराच्या नोकरीत ईएसआय असतं. २०१७ मध्ये त्याची पगारमर्यादा महिना १५ हजारांवरून २१ हजार झाली. त्यात आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण सहसा पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. आणि आपला प्रश्न नेमका त्या पहिल्या दोन दिवसांचाच आहे ना!

माझी एक मैत्रीण लग्न होऊन स्टुटगार्टला गेली. तिथे नोकरी लागल्यावर पहिल्यांदा ताप आला तेव्हा ती सवयीनं लॅपटॉप उघडून बसली. तिच्या टीम लीडनं फोन करून विचारलं, ‘तू आजारी आहेस की काम करतेयस? दोन्हीपैकी एक सांग.’ जर्मनीत नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं तर कायद्यानं सर्टिफिकेट लागतं. कंपनी आधीही मागू शकते. २०२३ च्या डिसेंबरपासून ठरावीक साध्या आजारांत ते डॉक्टरशी फोनवर बोलूनही मिळायला लागलं.

फ्रान्समध्ये २०१७ पासून ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काबद्दल कायदा आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं, २०२५ मध्ये परत मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे सहसा काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. तोवर आपलं आपणच बघायचंय.

मग घरून काम वाईट का?

छे! मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पाय मुरगळलाय, डोकं शाबूत आहे. काम करा की घरून! २०२३ च्या जुलैमध्ये पुण्यात डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा अर्धं ऑफिस गॉगल लावून घरी बसलं ते बरंच झालं. साधी सर्दी आहे, दुसऱ्याला द्यायची नाही. घरून करा. पाळीचा पहिला दिवस, दोन तासांचा बसप्रवास नको वाटतोय. घरून करा.

म्हणजे प्रश्न एकच विचारायचा. मला ऑफिसला जाता येत नाहीये, की मला काम करता येत नाहीये? पहिलं असेल तर वर्क फ्रॉम होम. दुसरं असेल तर सुट्टी. या दोघांची भेळ केली की ‘जमेल तेवढं’ तयार होतं. आणि ‘जमेल तेवढं’ याचं माप कुणाकडेच नसतं. चोवीस वर्षांच्या नवख्या पोराकडे तर नसतंच. त्याला सगळंच जमतं, पडेपर्यंत.

आमच्या टीमचे चार नियम

शेंडेफळ परत आल्यावर आम्ही बसलो आणि चार गोष्टी ठरवल्या. एचआरची परवानगी वगैरे काही नाही, आपलं आपलं.

पहिला : आजारी असाल तर एका ओळीचा मेसेज. ‘आज सुट्टी.’ लक्षणांची यादी नको, थर्मामीटरचा फोटो नको. उत्तरही एका ओळीचं. ‘लॅपटॉप बंद.’

दुसरा : प्रत्येकाचा एक जोडीदार. माझं काम अडलं तर तो बघणार, त्याचं अडलं तर मी. दर शुक्रवारी दहा मिनिटं एकमेकांना कामाचं कुठवर आलंय ते सांगायचं.

तिसरा : दोन दिवसांपर्यंत सर्टिफिकेट मागायचं नाही. अंगात ताप असताना डॉक्टरच्या लायनीत बसायचं ते औषधासाठी, कागदासाठी नाही. मात्र ताप असला तर डॉक्टरकडे जायचंच, आणि एकटं राहत असाल तर जोडीदारानं दिवसातून दोनदा फोन करायचा. कामाचा सोडून.

चौथा : ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस सुट्टी. ‘बरं वाटतंय’ हे चालणार नाही.

आता खरं सांगते. सगळं गुडी गुडी झालं असं नाही. पहिल्याच महिन्यात एकानं ‘आज सुट्टी’ टाकली आणि संध्याकाळी त्याचा लोणावळ्याच्या धबधब्याखालचा फोटो इन्स्टावर दिसला! मी काही बोलले नाही. पण शुक्रवारी त्याच्या जोडीदारानंच त्याला धुतला, कारण काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. परत नाही झालं.

आमचं एक रिलीज तीन दिवस लांबलं. आणि मागच्या आठवड्यात माझ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘तुझ्या टीमच्या सिक लीव्ह बाकीच्या टीम्सपेक्षा फारच दिसतायत. प्रॉब्लेम काय आहे?’ मी म्हणाले, ‘सर, बाकीच्या टीम्स आजारी पडत नाहीत का?’ ते हसले नाहीत. अप्रेझल एप्रिलमध्ये आहे. बघू काय होतं ते. घाबरले नाही असं म्हणणार नाही, ईएमआय मलाही आहे.

पण त्या स्टीलच्या डब्यावाल्या माउलीसमोर पुन्हा उभं राहायचं नाहीये मला. तेवढं नक्की.

हे सगळं लिहीत बसले असताना काल रात्री घसा धरला. सकाळी अंगात कणकण. लॅपटॉप उघडला, सवयीनं. मेसेजही टाइप केला, ‘नॉट फीलिंग वेल, विल वर्क फ्रॉम...’ मग खोडला. ‘आज सुट्टी,’ एवढंच टाकलं.

दहा सेकंदांत उत्तर आलं. कुणाचं असणार?

‘मॅम, लॅपटॉप बंद!’

बंद करतेय रे बाबा. आईनं आल्याचा काढा ठेवलाय आणि बाबा विचारतायत, ‘कुठली रजा टाकलीस? किरकोळ की अर्जित?’

तर फ्रेंड्स, या आठवड्यात एक काम करा. आपल्या किती सिक लीव्ह शिल्लक आहेत ते बघा. सगळ्याच्या सगळ्या असतील तर अभिनंदन करून घेऊ नका. आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा. आत्ता उठा!

भेटू पुढच्या आठवड्यात. टेक केअर... आणि या वेळी खरंच!